करिता आर्चडीकन

चर्चच्या नव्या सभागृहात नावांचा फलक लावायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या भक्तीमुळे नव्हे, स्वभावामुळे. मी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. चुकीच्या कागदावर कधी शिक्का मारला नाही, आणि नुसतं गोड बोलून कुणाला परत पाठवलं नाही. राग माझ्या नाकावरच असतो. कमिटीला वाटलं, या बाईला कामाला लावलं की फलकावर काना-मात्रेचीही चूक राहायची नाही.

फलकावर तीन रकाने हवे होते: बिशप, आर्चडीकन आणि आमचे पाळक. घरात नवी सून आली तेव्हा ही पदं तिला मी महसूल खात्याच्या भाषेत समजावली. पाळक म्हणजे तहसीलदार, बिशप म्हणजे कलेक्टर, आणि मधे बिशपांच्या वतीने तालुक्या-तालुक्यांतून फिरणारा आर्चडीकन म्हणजे प्रांतसाहेब. तिला लगेच कळलं. आमच्या पाळकसाहेबांना हे काही आवडलेलं नाही, पण याहून सोपं त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

बिशपांची यादी एका दुपारीच झाली. आतल्या खोलीत भिंतीवर सगळ्यांचे फोटो ओळीने आहेत आणि खाली नावं आहेत. पाळकांची नावं बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातल्या सह्यांवरून काढली. घोडं अडलं ते आर्चडीकनपाशी. हे पद सरळ चाललेलंच नाही. आधी गोरे साहेब होते, ते मोटारीने यायचे. मग आपली माणसं आली, ती एसटीने यायची. पुढे वेगवेगळ्या मिशनांची चर्चं मिळून एक चर्च झालं, तेव्हा कोणती पदं ठेवायची आणि कोणती काढायची हेच वर बरीच वर्षं ठरेना. त्या वेळचे आर्चडीकन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. बऱ्याच वर्षांनी पद पुन्हा सुरू झालं.

मधल्या वर्षांसमोर नियमाप्रमाणे ‘पद रिक्त’ असं लिहायचं. मी पेन्सिलीने तसं लिहिलंही, पण पुढे हात चालेना. ती वर्षं माझ्या वडिलांची होती.

बाबा उपदेशक होते. उपदेशक म्हणजे पाळक नव्हे. पाळकाच्या हाताखाली राहून वचनं वाचणं, प्रार्थना घेणं, आजाऱ्यांना भेटणं ही त्यांची कामं. आठवडाभर मिशनच्या शाळेत शिकवायचे, आणि बाजाराच्या दिवशी आर्चडीकनसाहेब येऊन उतरायचे त्या मिशनच्या बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे. केळापूरहून, मारेगावहून, राजूरच्या कोळसा खाणीवरून माणसं यायची. कुणाला लग्नाची परवानगी हवी, कुणाला पोरीसाठी बोर्डिंगात जागा, कुणाला शाळेत दाखवायला बाप्तिस्म्याचा दाखला. प्रत्येक गोष्टीला अर्ज, आणि प्रत्येक अर्ज आर्चडीकनसाहेबांच्या नावाने.

आता ज्याला अर्ज द्यायचा त्याला लोक काय म्हणतील? ‘अर्जदिकन’ म्हणू लागले. सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या शब्दात आमच्या लोकांनी आपल्या कामाचा अर्थ भरला आणि तो खुशाल वापरायला काढला. जुन्या फायलीत कितीतरी कागद ‘मेहेरबान अर्जदिकनसाहेब यांचे सेवेशी’ असेच सुरू होतात. मीही लहानपणी तेच शुद्ध समजायचे. एकदा निबंधात तसं लिहिलं आणि हातावर पट्टी खाल्ली. शुद्धलेखनाबद्दलचा माझा कडवेपणा बहुतेक तेव्हापासूनचा आहे.

साहेब निवृत्त होऊन गेले, पण टेबल तिथेच राहिलं आणि माणसंही यायची थांबली नाहीत. पदाचं भिजत घोंगडं पडलंय हे त्यांना कोण सांगणार? बाबा अर्ज लिहून घ्यायचे, आवक रजिस्टरात नोंदवायचे, बिशपांकडे टपालाने पाठवायचे आणि उत्तर आलं की सायकलीवर टांग मारून ज्याचं त्याला पोचवायचे. हळूहळू लोक बाबांनाच अर्जदिकन म्हणायला लागले. आईला बाजारात भाजीवाल्या ‘अर्जदिकनीनबाई’ म्हणून हाक मारत. तिला ते फार आवडायचं, अजून आवडतं. ती आता नव्वदीला टेकली आहे. फलकाचं तिच्या कानावर गेलं आणि तिने शेजारणीला, दूधवाल्याला, दवाखान्यातल्या नर्सला, सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्या यांचं नाव लागणार आहे.

कागद मात्र स्पष्ट होते. पुढे पाठवलेल्या प्रत्येक अर्जावर बाबांची बारीक, नेटकी सही, आणि सहीखाली दोन शब्द: ‘करिता आर्चडीकन’. मीही इतकी वर्षं ‘करिता तहसीलदार’ अशाच सह्या केल्या. करिता म्हणजे मी तो साहेब नव्हे, त्याच्या वतीने सही करणारा माणूस. हा शब्द लिहिणाऱ्याने साहेब असल्याचा आव आणायचा नसतो. बाबांनी कधी आणला नाही, मग मी त्यांच्या नावाने कसा आणू?

कमिटीचे सेक्रेटरी मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, ताई, घालून टाका नाव, कोण तपासायला येणार आहे. मी म्हटलं, मीच तपासणार आहे, आणि घरातली नावं चढवायला हा फलक म्हणजे रेशनकार्ड नव्हे. घरी येताना मला माझाच राग आला. लोकांसमोर मोठा ताठा दाखवला, पण आईसमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. मला भीती वाटत होती. या वयात तिच्या हातून तो एक मान काढून घ्यायचा, आणि तो पोटच्या लेकीने, हे मला सोसवत नव्हतं.

आठ दिवस टाळाटाळ केली. नवव्या दिवशी सकाळी ती अंगणात लसूण सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि एका दमात सांगून टाकलं: बाबा आर्चडीकन नव्हते, म्हणून त्यांचं नाव येणार नाही, त्या जागी ‘पद रिक्त’ असं येईल. तिने हातातली पाकळी पुरी सोलली, वाटीत टाकली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“मले कायले समजावून राह्यली? ते आर्चडीकन नव्हते, मले मालूम हाय. आर्चडीकन बिशप करते. अर्जदिकन लोकायनं केलतं त्याईले.”

आठ दिवस मी उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. आर्चडीकन म्हणून नाव नको, पण ‘पद रिक्त’ हे तिला चालणार नव्हतं. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणाली, दर बाजाराला माणूस बसत होता तिथं. मी तिला नियम सांगितला, की मजकुराचा नमुना बिशपांनी मंजूर करून पाठवला आहे, मला त्यातलं अक्षरही बदलता येत नाही.

“मंग अर्ज कर,” आई म्हणाली.

मी जन्मभर लोकांचे अर्ज घेतले, त्यात त्रुटी काढल्या आणि परत पाठवले. त्या दिवशी स्वतः लिहायला बसले तर पहिलं वाक्य सुचेना. शेवटी आईने सांगितलं आणि मी लिहिलं. अर्जदार म्हणून तिची सही, विषय एका ओळीचा, आणि विनंती एवढीच, की त्या वर्षांसमोर ‘पद रिक्त’ न लिहिता ज्या माणसाने काम केलं त्याचं नाव, तो जशी सही करायचा तशीच, लिहावं. सोबत बाबांच्या सहीच्या एका कागदाची झेरॉक्स जोडली. रीतीप्रमाणे अर्ज आर्चडीकनमार्फत जायला हवा होता. हल्लीचे आर्चडीकन पुढच्या भेटीला आले तेव्हा त्यांच्या हातात दिला. ‘अर्जदिकन’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. ते खूप हसले, मग चष्मा पुसून त्यांनी अर्ज दुसऱ्यांदा वाचला आणि खाली शिफारस लिहिली. महिन्याभरात कागद परत आला. समासात बिशपांच्या हातचा एकच शब्द होता: मंजूर.

पेंटरने ती ओळ रंगवताना मला दोनदा विचारलं की ताई, ‘करिता’ हे चुकून आलं का, खोडू का. मी म्हटलं, बाकी फलकावर कुठेही चूक कर, त्या शब्दाला हात लावू नको.

ज्या रविवारी फलक लागला, त्या दिवशी उपासना संपल्यावर आईला हात धरून मी सभागृहात आणलं. दोन आर्चडीकनांच्या मधे बाबांचं नाव होतं आणि त्यापुढे ‘करिता आर्चडीकन’. आई काठी टेकून बराच वेळ बघत राहिली. मला इतकं समाधान निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं. मग मनात राहिलेली एक गोष्ट मी तिला सांगितली. फलकाच्या निमित्ताने त्या वर्षांचं आवक रजिस्टर मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. रजेसाठी नाही, बदलीसाठी नाही, माझ्या बोर्डिंगसाठीही नाही. बाबांच्या स्वतःच्या नावाचा एकही अर्ज त्यात नव्हता.

“त्याईचा कोन लिहिन? लिहिनारे तेच होते,” आई म्हणाली. “म्हनून तुले लिहाले लावला.”