सोडायचंच हाय तर खांदा सोड

भावाचा फोन आला तेव्हा मी तिरुपूरच्या कारखान्यात शिलाई मशिनवर होते. "आप्पा गेलं," एवढंच तो बोलला... गावी, भांडगावला पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. पुन्हा मशिनवर बसले, पण उजवा खांदा वर चढला तो काही उतरेना.

आप्पांनी, माझ्या कराटेच्या गुरूंनी, हा खांदा लगेच ओळखला असता. रेल्वेतून निवृत्त होऊन ते दौंडहून गावी आले आणि शाळेमागच्या पटांगणात पोरापोरींना कराटे शिकवू लागले. मी नववीत शाळा सोडलेली. त्याच शाळेमागं जायची लाज वाटायची, तरी जायचे. पण मी मुळात भित्री. ठोसा मारायच्या आधीच अंग आवळायचे, खांदे कानाला लागायचे. समोर धरलेलं पॅड जागचं हलायचं नाही. "उशीला गुदगुल्या करतीस व्हय गं?" आप्पा विचारायचे, पोरी हसायच्या. एक दिवस मीच म्हणाले, "आप्पा, मला न्हाई जमत. सोडते मी."

घटस्थापना जवळ आली तशा आई आणि मी कालव्यावर गोधड्या धुवायला गेलो. आप्पा काठानं चालले होते, ते थांबले. मला वाटलं, माझ्या आपटण्यानं त्यांच्या अंगावर पाणी उडालं.

"उडू दे. परत आपट."

आपटली.

"जोर कुठनं आला?"

"हातातनं."

आईनं मान वर न करताच सांगितलं, "हातानं ओली गोधडी उचलती का? कंबरंतनं. हातानं आपटाय गेलं तर संध्याकाळी भाकरी थापायला हात उरंल व्हय!"

"घ्या! आन् मी उगाच घसा कोरडा करतोय," आप्पा हसले. मग माझ्याकडं वळले. "टाच जमिनीला रेटती, कंबर वळती, खांद्यानं नुस्ती वाट द्यायची. तू आधीच आवळतीस, म्हंजी जोर तिथंच अडकतो. तुझाच हात तुझ्याच हाताला धरून ठिवतो. सोडायचंच हाय ना तुला? मग खांदा सोड."

शाळा सोडल्यापासून 'सोडली' हा शब्द मी टोमण्यातच ऐकला होता. सोडणं ही शिकायची गोष्ट असते, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या संध्याकाळी पॅड धरलेली पोरगी मागं सरकत धपकन खाली बसली. कुणी हसलं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "वाळली गोधडी." त्यानंतर ठोसा जमला की ते हेच म्हणायचे.

तिरुपूरला कामाला म्हणून गाव सोडलं त्या दिवशी ते दौंड स्टेशनावर आले होते. आई रडत होती, मी पिशवी छातीशी धरून उभी. आप्पांनी माझ्या खांद्यावर एक बोट टेकवलं, बस्स. तीच शेवटची भेट.

परवा सुट्टी होती. आईनं दिलेली गोधडी गच्चीवर धुवायला काढली. पहिला फटका कसाबसाच बसला, खांदा कानाशी. थांबले. टाच रोवली, कंबर वळू दिली... असा आवाज निघाला की खोलीतली ओडिशाची मैत्रीण धावत वर आली. "अरे, किसको मार रही है?"

हसू आलं, मग रडूही आलं. भावाचा फोन आल्यापासून ते आलंच नव्हतं.

उन्हं कलताना गोधडीची घडी घातली. खांदे खाली होते.

वाळली गोधडी, आप्पा.