व्याही स्कॉटलंडचे, ऊन जिंतूरचं

ताडपत्रीच्या दुकानात गिऱ्हाईक आधी आभाळाला शिव्या घालतं, मग भाव विचारतं. जिंतूरला हा धंदा करून माझे केस पिकले, त्यामुळं हवामानाचे किस्से आपोआप जमत गेले. पण माझ्या पोरीचं, मनीषाचं लग्न स्कॉटलंडच्या पोराशी ठरलं अन् व्याही असे मिळाले की माझे जुने सगळे किस्से फिके पडले. मनीषा तिकडंच नर्स आहे.

*

व्याह्यांचं नाव डग्लस. फेरीबोट चालवून रिटायर झालेले. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर भेटलो, तेव्हा त्यांच्या मागच्या खिडकीवर पाऊस आदळत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडं पाऊस थांबतो कधी?"

मनीषानं इंग्रजी करून सांगितलं. व्याह्यांनी गंभीरपणे विचार केला.

"मला काय माहीत? मी अडुसष्टच वर्षांचा आहे."

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, माणूस रागावला.

*

लग्न मे महिन्यात, आमच्या विहारात लागलं. व्याही येताना वडिलांची जुनी काळी छत्री घेऊन आलेले. ऊन असं की मांडवातल्या खुर्च्यांना हात लावता येईना. पेडगावचा माझा मेव्हणा हात जोडून म्हणाला, "जयभीम साहेब. लय ऊन हाय, माफ करा."

व्याही टोमॅटोसारखे लाल झालेले. त्यांनी छत्री उघडून डोक्यावर धरली.

"ही आज पहिल्यांदा वाळली. म्हणते, मी इथंच राहणार."

मांडव हसला. माझी बायको पदर सावरत म्हणाली, "छत्री ऱ्हाऊ द्या. पोरगी बी ऱ्हाऊ द्या."

मनीषानं याचं इंग्रजी केलं नाही.

*

थंडीत मनीषाचा तिकडून फोन आला. जावई महिन्यातले तीन आठवडे समुद्रावर कामाला. ही एकटी.

"बाबा, इथं उजाडतच न्हाई नीट. दुपारीच अंधार पडायलाय. अन् ही माणसं चेष्टा करायलेत. मला रडू येतं तवाच ह्यांना हसू येतं. मला घरी यायचंय."

मी म्हणालो, "मी येतो. परतीची तिकिटं दोन काढतो. पुन्हा जायचं का न्हाई, ते घरी आल्यावर बघू."

फोन ठेवल्यावर बायकोनं तिची खोली झाडून घेतली.

*

रिकाम्या हातानं कसं जायचं? दुकानातली सगळ्यात भारी ताडपत्री नेली. व्याही अन् मी ती त्यांच्या होडीवर बांधायला गेलो. शेवटची गाठ मारायच्या आत वाऱ्यानं ती उचलली अन् समुद्राकडं नेली. माझा धंदाच डोळ्यांदेखत उडून गेल्यासारखं झालं.

व्याही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. पलीकडच्या काठाला नॉर्वे देश आहे.

"माल चांगला होता. नॉर्वेत कुणाला तरी आवडेल."

मला राग आला. मनीषाला म्हणालो, "विचार त्यांना, ह्या वाऱ्याचा राग येत न्हाई का कधी?"

व्याही दोर गुंडाळत होते. "माझा धाकटा भाऊ अशाच वाऱ्यात गेला. होडी सापडली, तो नाही. वर्षभर मी समुद्राशी एक शब्द बोललो नाही."

दोराचा आणखी एक वेढा घेऊन म्हणाले, "समुद्राच्या ते लक्षातच आलं नाही."

मनीषानं हे मला मराठीत सांगितलं. व्याह्यांनी दोराचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

*

परतीचं विमान सकाळचं होतं. बॅगा भरून झालेल्या. मनीषा घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघते. आदल्या दुपारी तिचं एकच घर राहिलं होतं, म्हणून मीही सोबत गेलो. नव्वदीच्या एक आजी, अंथरुणाला खिळलेल्या. फार दिवस नाहीत, असं मनीषानं वाटेत सांगितलं होतं. आपण निघालोय, हे तिनं आजींना कळवलं नव्हतं.

आम्ही दोघंही नखशिखांत भिजलेलो. मी दाराशीच थांबलो. मनीषानं औषध दिलं, पांघरूण सारखं केलं. आजींनी तिचा ओला हात धरून विचारलं, "उद्या येशील ना?"

तेवढं इंग्रजी मला कळतं.

मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. खिडकीवर पावसाचा आवाज चालूच होता.

मग ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "पाऊस असला तरच येईन."

आजी इतक्या हसल्या की मनीषाला त्यांची उशी पुन्हा नीट करावी लागली.