पेट्रोलच्या टाकीवरचा कागद

होळी गावात भाजीचा मळा असलेल्या एक बाई जुन्या अमेरिकन गाड्यांचे कारखान्यातले कागद वाचतात. गाडीत काय काय बसवायचं हे सांगणारा कागद तिथले कामगार गाडीतच कुठेतरी खुपसून टाकत. तो ठिसूळ कागद बाई ओल्या केळीच्या पानावर मऊ पडू देतात आणि मग एकेक आकडा चर्चमधल्या प्रार्थनेसारखा पुटपुटत वाचतात.

माझा धाकटा भाऊ म्हणायचा, आपली जुनी अमेरिकन गाडी कारखान्यातूनच मोठं इंजिन घेऊन आली. मी त्याला भर लग्नात थापाड्या म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

शेवटी मी गाडी बाईंकडे नेली. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत त्यांना कागद सापडला. त्यावर लहान इंजिन लिहिलेलं होतं.

"बघा, मी सांगत होतो!" मी म्हणालो.

"थांबा ओ काका, घाई कसली?" बाईंनी कागदावरचा नंबर गाडीच्या नंबराशी ताडून पाहिला. "हा कागद तुमच्या गाडीचा नायच. भलत्याच गाडीचा कोंबलाय."

मी तिथेच थांबलो असतो. साठी उलटलेल्या बाई मात्र गोणपाट अंथरून गाडीखाली शिरल्या आणि पेट्रोलच्या टाकीवर बोटं सरकवून त्यांनी दुसरा कागद काढला. तोही त्यांनी पानावर मऊ पडू दिला. नंबर जुळला. इंजिन मोठं होतं.

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"माझ्याकडं काय बघताय? भावाला फोन लावा," त्या म्हणाल्या, आणि पलीकडून त्याचा आवाज येईपर्यंत माझ्यासमोरून हलल्या नाहीत.