भोपळ्यामागचा पंखेवाला

लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात आमच्या मळ्यात जो भोपळा आला, तसा मिरजगावच्या पंचक्रोशीत पुन्हा होणे नाही. बाजार बंद होते, व्यापारी फिरकत नव्हते. पण हे भोपळ्याला कुणी सांगितलंच नाही. तो आपला वाढतच राहिला. शेवटी शेवटी तर त्याच्या सावलीला शेळ्या बसायच्या आणि सातबाऱ्यावर त्याची वेगळी नोंद करावी की काय, या विचारानं तलाठ्याची झोप उडाली होती. असा ऐवज दारात असताना माणूस फोटो काढणार नाही तर काय करणार? मी वावरात पालथा पडलो, मोबाईल मातीला टेकवला आणि फोटो काढला.

भोपळा झकास आला. मागचा हायवे फुकटात आला. त्या दिवसांत हायवेवर गाड्या नव्हत्या, माणसंच होती. शहरातली कामं बंद पडली म्हणून डोक्यावर संसार घेऊन आपापल्या मुलखाकडं पायी निघालेली. आणि त्यांना पाणी देणारे आमचे चुलते, सगळ्यांचे तात्या, तेही त्या फोटोत आले.

तात्या फोटोत सापडणं हा भोपळ्याहून मोठा चमत्कार. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये ते आहेत, पण कुठं खांदा, कुठं अर्धा कान. आधार कार्डावरचा त्यांचा चेहरा पाहून तर पोलिसानंसुद्धा दाराला आतून कडी घातली असती.

त्या उन्हाळ्यात ते रोज बादली-तांब्या घेऊन रस्त्याकडेला उभे राहायचे. आजाराचा धाक, म्हणून तोंडाला उपरणं आणि पाणी वरून ओतायचं. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आज एकजन खांद्यावर टेबलफॅन घिऊन चालला हुता. म्हनलं, ठिव की खाली, पानी तरी नीट पी. तर म्हनला, बाबा, खाली ठिवला तर पुना उचलवायचा न्हाई."

ही गोष्ट ते पुढं अनेकदा सांगत, पण दर वेळी तेवढीच. मी असतो तर तिसऱ्या खेपेला त्या पंख्याचा कूलर केला असता आणि पाचव्या खेपेला फ्रीज. तात्यांनी साधी वायरसुद्धा वाढवली नाही. आणि गंमत बघा, पारावरची मंडळी माझा भोपळा गिळायची, पण तात्यांचा पंखा त्यांच्या घशाखाली उतरेना. "एवढ्या लांब पंखा कोन न्हेतंय? तात्या, पुतन्याचा वारा लागला जनू तुमाला!" जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला हे लागलं. तात्यांनी पंखेवाल्याचा विषयच बंद केला.

मागच्या थंडीत तात्या गेले. रात्रीचं दूध पिऊन झोपले, ते झोपलेच. दहाव्याच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा, म्हणून मी मोबाईल उपसायला बसलो आणि भोपळा निघाला. इतकी वर्षं तो फोटो मी कुणाकुणाला दाखवला असेल, त्याला हिशेब नाही. पण भोपळ्याच्या मागं कोण बघतो? बोटांनी फोटो मोठा केला. उपरणं हनुवटीखाली घसरलेले तात्या, हातात तिरपा तांब्या. समोर एक वाळका माणूस. वायर गळ्याभोवती गुंडाळलेली, एका हातानं खांद्यावरचा टेबलफॅन धरलेला आणि दुसऱ्या हाताचा पसा तोंडाशी. पंखा खाली ठेवलेला नव्हता.

मी थोडा वेळ भोपळा विसरलो. माझ्या बाबतीत हे फार झालं.

आमच्या फ्लेक्सवाल्याकडं मयत माणसासाठी एकच कोट आहे. निळा. तालुक्यातले निम्मे लोक त्या एकाच कोटात वर गेलेत. त्यानं तात्यांना तो घातला, मागं धबधबा सोडला, पाण्यात हंस सोडले, आणि पंखेवाल्याच्या जागी श्रद्धांजलीला येणाऱ्या इच्छुक पुढाऱ्याचा गोल फोटो बसवला. ते मोबाईलवर घेऊन मी चुलतीला दाखवलं.

"ह्यो कोन बँकेचा साहेब मेलाय?"

"काकी, तात्या हायेत."

"जित्तेपनी कोट घातला न्हाई, आता कशाला घालत्याल? आन् बादली कुठंय?"

मी मूळ फोटो काढून दिला. काकीनं तो नाकाशी धरला. "ह्योच का पंखेवाला?"

"व्हय."

"मला ठावं हुतं. ते बोलले म्हंजी हुताच. पर गावानं हसू केलं त्यांचं." मग मोबाईल माझ्या हातात कोंबत म्हणाली, "ह्योच लाव. हाय असा."

"अगं, श्रद्धांजलीला भोपळा?"

"ऱ्हाऊ दे. भोपळा काढाय जाईल आन् पंखा बी कापील मेला."

फ्लेक्सवाल्यानं मला दोनदा विचारलं, की फोटोतल्या या पाहुण्यांची नावं 'शोकाकुल'मध्ये टाकायची का. पुढाऱ्याचा गोल फोटो मात्र काकीच्या हुकमानं गेला.

दहाव्याला नदीकाठी मांडव, माईक आणि मागं तो फ्लेक्स. भोपळा असा दिसत होता, की पिंडाला शिवायला आलेला कावळा आधी त्याच्यावरच बसायला निघाला. पुढारी बोलायला उभा राहिला. तात्यांवरून गाडी लगेच स्वतःवर आली. "लॉकडाऊनमध्ये आम्ही अशा गाड्या लावल्या, की आपल्या भागातून एक माणूस पायी जाऊ दिला नाही!"

मांडवात खोकल्याची साथ आली. माना वर झाल्या. पण पुढाऱ्याचा इस्त्रीचा पांढरा खांदा नेमका फ्लेक्सच्या आडवा येत होता. तेवढ्यात बायकांतून काकीचा आवाज आला, माईकची गरज नसलेला.

"ए बाबा, जरा अलीकडं सर. पंखेवाला झाकतोय."

पुढारी सरकला. पुढच्या रांगेतल्या पारावरच्या म्हाताऱ्यानं, सगळ्यात जास्त हसणाऱ्यानं, खिशातून चष्मा काढला, धोतरानं पुसला, डोळ्याला लावला आणि शेजाऱ्याला कोपर मारलं.

"व्हय की रं. टेबलफॅनच हाय."