पातेल्याचा निळा डाग

आई गेल्यावर वाटणीत थोरल्या भावाने मला तिचं स्टीलचं पातेलं दिलं. तेही आतून बुडाला निळे-जांभळे डाग पडलेलं. चांगली भांडी त्याला, जळकं मला. आठ वर्षं मी त्याच्या सदर भागातल्या घराची पायरी चढलो नाही.

परवा बायको म्हणाली, "काहून सांभाळून राहिले ते? पॉलिश करा, नाहीतर मोडीत द्या."

गोहलपूर मोहल्ल्यात भांडी पॉलिश करणारा एक म्हातारा बसतो. मी भाव पाडायच्या तयारीनेच गेलो. त्याने पातेल्याला टिचकी मारून आवाज ऐकला, काठावर कोरलेल्या आईच्या नावावरून अंगठा फिरवला आणि मशीन बंद केलं. "मशीन पे नाम घिस जाएगा, भैया."

मग फडक्यावर सिरका, म्हणजे व्हिनेगर, घेऊन तो सावकाश बूड पुसू लागला. डाग माझ्या डोळ्यांदेखत गेले.

"जला हुआ था न?" मी विचारलं.

"जला कहाँ? बिना पानी के आँच पे रह गया होगा. कब का है?"

"आठ साल का."

तो हसला. "आठ साल! घर में सिरका नहीं था?"

मला राग आला, पण कोणाचा ते कळेना. पैसे विचारले तर म्हणाला, "सिरके का क्या लेना?" घासाघीस करायलाही जागा ठेवली नाही त्याने.

चकचकीत पातेलं मांडीवर घेऊन मी ऑटोत बसलो. "किधर चलें?" ऑटोवाल्याने दोनदा विचारलं. घर सांगावं की भावाचं सदर, मला ठरवता येईना.