पुलाच्या अलीकडची वाइन

भाचीने नाशिककडून वाइन आणायचं ठरवलं, तेव्हा मी आधी जागा ठरवली. माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे तिच्या आईचं गाव वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. तिथे दारूबंदी आहे. आमचं घर अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. इथली बंदी काही वर्षांपूर्वी उठली. तेव्हा बाटली पूल ओलांडणार नाही, बहीणच इकडे येईल. दुपारी माझ्या अंगणात बसायचं आणि संध्याकाळच्या बसने मायलेकी दिवाळीसाठी गावी जातील. मी लिहून काढलं: शिंगाडे उकडणे, सीताफळं, बर्फ, तीन खुर्च्या, नवऱ्याला शेतावर पाठवणे. कामं अशी मांडली की होतात. माणसं अशी मांडता येत नाहीत.

भाची तिकडे वाइनच्या कारखान्यात आहे, द्राक्षाचा रस तपासते. शिकून, स्वतःच्या बळावर लागली. नोकरी लागल्यापासून घरी गेली नव्हती, कारण आईने फोनवर विचारलं होतं, "तुले दुसरं कामच नाई भेटलं काय?" या वर्षी ती आली ती एवढ्यासाठीच, की आपण काय करतो ते आईने एकदा पाहावं आणि मग घरी न्यावं.

आता तिच्या आईचं सांगते. माझा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, मोहाच्या दारूने गेला. नंतर बहीण गावातल्या बायांच्या गटात शिरली. बाजारातून, लग्नातून गडी परतले की या बाया गावाच्या वेशीवर उभ्या राहतात आणि एकेकाचं तोंड हुंगतात. वास आला की दंड. बहीण त्यात पुढे, कारण तिला जुनी सवय. नवरा दारात आला की ती आधी त्याचं तोंड हुंगायची. मग ताट वाढायचं की पोरीला घेऊन शेजारी जायचं, ते ठरवायची. पोर तिच्या पदराला धरून हे पाहत मोठी झाली.

आश्विन संपत आला होता. ऊन सौम्य झालेलं, मागच्या बांधीतला धान पिवळा पडू लागलेला. भाचीने बाटली बर्फातून काढली आणि सरबताच्या पेल्यांत ओतली. फिकट सोनेरी रंग. पहिला घोट थंड आणि गोड, पिकल्या पेरूच्या वासाचा, मागून थोडा आंबट. शिंगाड्याबरोबर तर फारच चांगली लागली. खांद्यांतला ताण गेला. कित्येक महिन्यांनी मी पुढच्या कामाचा विचार न करता बसले होते.

"घे ना माय, घोटभर," भाची म्हणाली.

"दारूच ना?"

"द्राक्षाची हाय. शरबतावानी लागते."

"मोहाचीबी फुलाचीच रायते, बाई."

"तुह्या गटातल्या बायाइले पाठवू काय एक पेटी?"

"पाठव. पुलावरचे पोलीस पितीन."

तिघी हसलो. बहिणीने पेला तोंडाला लावला नाही, पण खालीही ठेवला नाही. हातात धरून विचारत राहिली: तिथे बाया कामाला आहेत का, रात्री खोलीवर कशी जातेस, द्राक्षं पायाने तुडवतात हे खरं काय. भाची खुर्ची पुढे ओढून सांगत होती. तिने आपला पेला संपवला, पुन्हा थोडी घेतली. मला वाटलं, जमलं.

ऊन कललं तशा मी फराळाच्या पिशव्या भरल्या. भाची उठली, आईपुढे वाकून म्हणाली, "चाल माय, बस येईन."

बहिणीने तिची हनुवटी धरली. मला वाटलं, कुरवाळते आहे. तिने चेहरा जवळ ओढला आणि हुंगला. डोळे मिटून, नाकाने श्वास आत ओढून, वेशीवर हुंगतात तसा.

भाची हलली नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "झालं? आता ताट वाढतं का शेजारी जातं?"

बहिणीने हात मागे घेतला.

"मावशी, मले नागपूरच्या गाडीले सोडून दे."

मी स्कूटी काढली. समजावून काय सांगणार होते? राग तरी कुणाचा करायचा? जो गेला तो नेहमीसारखा सुटला होता. स्कूटीवर मागून भाची एवढंच बोलली की उरलेली वाइन फ्रीजमध्ये ठेव, लवकर संपव, नाहीतर चव जाईल.

परत आले तर बहिणीने पेले घासून पालथे घातले होते. खुर्च्याही आत नेऊन ठेवल्या होत्या. ती पायरीवर बसली होती.

"मी काई बोलली काय तिले?" तिने विचारलं.

बोलली नव्हती. मी तसं सांगितलं, दोन्ही पिशव्या तिच्याच हातात दिल्या आणि तिला बसवर सोडायला गाडी पुन्हा सुरू केली.