डमीचं तोंड

"दीदी के बाद डमी को नर्मदाजी में डुबकी लगवा देना, सर."

मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. मी गुडघ्यांवर बसलेली. समोर रबरी डमी, तिच्या तोंडात नुकताच मी श्वास फुंकलेला. तिची छाती वर आली होती. ते कोणी पाहिलं नाही. सर हसले. माझ्याबरोबर शिकणारी श्वेता पण हसली, मग माझ्याकडे बघून गप झाली.

शहरातल्या ओमती भागातला हॉल. रस्त्यात, कारखान्यात पडलेल्या माणसाला अँब्युलन्स येईपर्यंत कसं जगवायचं, ते शिकवत होते. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं, मग घर. म्हटलं, गढा, बुद्धविहाराच्या मागे. "अच्छा, अच्छा," म्हणाले. तेव्हापासून डमीवर माझी पाळी शेवटी. बाकीचे हजेरीच्या क्रमानं. एकानं फुंकलं की स्पिरिटच्या बोळ्यानं तोंड पुसायचं, मग दुसऱ्यानं फुंकायचं. माझ्यानंतर मात्र डमी उचलून नळाखाली न्यायचे. रबराच्या बाईलाही यांनी जात देऊन टाकली.

श्वेता राइट टाउनची. वडिलांचं नर्सिंग होम. मी तिच्यावर जळायचे. लपवून काय करू? तिचे हात चांगले चालायचे, म्हणून जास्तच जळायचे. वाईट चालले असते तर सोडून दिलं असतं. सर तिला "बेटा" म्हणायचे, मनगट धरून तिचा हात नेमक्या जागी ठेवायचे. मला लांबून, पेननं. "हाँ, थोड़ा ऊपर." ती स्कूटीवर निघाली की तिच्या मागच्या लाल दिव्यावरसुद्धा मी जळायचे.

एकदा मला म्हणाली, "यार, तू इतना अच्छा करती है, बस तेरा नंबर लेट आता है."

जसं काही ऑटो लेट येते.

शेवटी परीक्षा होती. त्यातून एकाला निवडणार होते, पुढच्या तुकड्यांना शिकवायला. मला ती जागा पाहिजे होती. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बाबा फॅक्टरीत मजूर म्हणून लागले आणि मजूर म्हणूनच निघाले. त्यांना डुबकीची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "जाऊ दे न, बाई." बाबांचा घास हातातच राहिला.

"अन् तू काहून गप बसली?"

भात तसाच थंड झाला.

परीक्षेच्या दिवशी हजेरीत श्वेताच्या आधी माझं नाव. मी उठले. सर म्हणाले, "दीदी, आप आख़िर में."

"मेरा नाम पहले है, सर."

"अरे, छोटी सी बात है."

"छोटी है तो होने दीजिए."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मी डमीजवळ बसले. छाती दाबली, मान मागे केली, नाक धरलं, फुंकलं. छाती वर आली. पुन्हा फुंकलं. मग बोळ्यानं तोंड पुसलं, सगळे पुसायचे तसं. ना कमी, ना जास्त. आणि श्वेतासाठी जागा सोडून बाजूला झाले.

श्वेता बसली. तिनं दुसरा बोळा घेऊन तोंड पुसलं. मग तिसरा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, मास्क मिलेगा?"

डमीच्या तोंडावर ठेवून फुंकायच्या मास्कचं खोकं टेबलाखाली पहिल्या दिवसापासून पडून होतं. कोणासाठीच फोडलं नव्हतं. सरांनी खाली वाकून स्वतः फोडलं.

निवड तिचीच झाली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती जवळ येऊन म्हणाली, "बुरा मत मानना, यार." मी म्हटलं, "माना है."

लोक सांगतात, जळू नये, स्वतःचंच रक्त आटतं. आटू दे. ती जागा माझी होती आणि मला ती अजून पाहिजे. श्वेताची दया नको, सरांचं "बेटा" नको. पुढच्या परीक्षेला मी पुन्हा बसणार, त्याच हॉलमध्ये, हजेरीतल्या माझ्या जागी. नाही निवडलं तर त्याच्या पुढच्या.

आणि शिकवायला उभी राहीन तेव्हा डमीच्या तोंडात पहिली फुंकर माझी. मग बोळा, एकच. मास्क काढायचे तर सगळ्यांसाठी, नाही तर कोणासाठीच नाही. ज्याला माणूस जगवायला शिकायचं असेल, त्यानं माझ्यानंतर तिथंच तोंड लावायचं.

नसेल जमत, तर दार उघडं आहे. जावं.